बुरशीचा शेजार

"लावायची का ताई कुस्ती?" तुळशीदासनं विचारलं आणि लॅबचं दार आतून लोटून घेतलं.

त्याच्या हातात त्याची सात नंबरची नळी होती. माझी अकरा नंबरची माझ्या टेबलावर होती. दोन्ही नळ्यांत मातीतून काढलेली बुरशी, हिरवट, लोकरीसारखी. धानोरकर सरांची सक्त ताकीद होती की एकानं दुसऱ्याच्या नळीला हात लावायचा नाही. आम्ही दोघंही त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होतो, विदर्भातल्या एका कृषी महाविद्यालयात, वनस्पती रोगशास्त्र विभागात. विभागात जागा एकच निघणार होती, संशोधन सहायकाची, आणि ज्याची बुरशी सरस ठरेल त्याला ती मिळणार हे सरांनी आम्हाला समोरासमोर बसवून सांगितलं होतं. सरांना वाटलं असावं, आता हे दोघं एकमेकांना पाण्यात पाहतील. आम्ही मात्र डबा एकत्रच खात होतो.

"सरांना कळलं तर?"

"कळते कसं? दार लावलं ना मी. हरलं त्यानं पातोडीचा रस्सा करून खिलवायचा. बोला."

"तुला येतो का रस्सा करता?"

"मी कशाला हरतो? माही बुरशी नागोबाच्या घरची हाय."

ही नागोबाची गोष्ट खरी होती. तुळशीदास येऊल जातीनं बारी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पानमळा करणारे लोक. त्यांच्या मळ्याच्या एका कोपऱ्यात नागोबाची जागा होती. तिथं कुदळ लावायची नाही, खत टाकायचं नाही, औषध मारायचं नाही, पायात जोडा तर नाहीच नाही. वाडवडिलांपासूनचा शिरस्ता. आजूबाजूच्या मळ्यांत मर रोग शिरला, वेली उभ्या उभ्या पिवळ्या पडून बसायला लागल्या, यांचाही अर्धा मळा गेला, पण नागोबाच्या कोपऱ्यातल्या वेली हिरव्यागार. त्याच्या वडिलांनी नारळ फोडून, नागोबाची माफी मागून, त्या कोपऱ्यातली ओंजळभर माती मुलाला दिली होती. त्या मातीतून त्यानं ही बुरशी वेगळी काढली. सरांनी ती पाहिली, थोडी स्वतःकडे मागून घेतली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

माझी बुरशी मला सरांनीच दिली होती. मेळघाटच्या जंगलात आपण स्वतः हिंडून मिळवलेल्या मातीतली, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यांच्या मोठ्या योजनेचा सगळा डोलारा त्या मेळघाटच्या मातीवर उभा होता. दिल्लीहून पैसा त्याच नावावर येत होता.

मातीत कसलं युद्ध चालतं ते बाहेरून दिसत नाही. चिमूटभर मातीत इतके जीव असतात की प्रत्येकाला जागा कमी आणि खाणं कमी. पळायला पाय नाहीत, चावायला दात नाहीत. मग बुरशी काय करते, तर आपल्या अंगातून रसायन सोडते. ते पसरतं तिथवर दुसरा कुणी उगवू शकत नाही. काचेच्या प्लेटमध्ये एका टोकाला ही बुरशी आणि दुसऱ्या टोकाला मर रोगाची बुरशी लावली की हे डोळ्यांनी बघता येतं. दोघी वाढत वाढत येतात आणि मधे एक मोकळा पट्टा सोडून थांबतात. तो पट्टा म्हणजे विषाची हद्द.

माझी त्यातली एक बारीकशी खोड होती आणि मला तिचा अभिमान होता. माझ्या लक्षात आलं होतं की बटाटा-साखरेच्या खाद्यावर एकटी वाढवली की ही बुरशी माजते, जाड होते आणि विष करायचं सोडून देते. कशाला करील? खायला आयतं, भांडायला कुणी नाही. असं पुन्हा पुन्हा वाढवत गेलं तर विष करायची अक्कलच जाते तिची. म्हणून मी अधूनमधून माझ्या बुरशीला रोगाच्या बुरशीसमोर बसवायची आणि त्या झटापटीतून तगलेला भाग पुढं नळीत घ्यायची. तुळशीदास त्याला हसायचा. "ताईनं बुरशीले शेजार करून देला," म्हणायचा. मीही तेच नाव धरलं. शेजार.

तर त्या दुपारी आम्ही कुस्ती लावली. बर्नरजवळ बसून एका टोकाला सात नंबर, दुसऱ्या टोकाला अकरा नंबर. प्लेट कपाटात तळाशी, जुन्या वर्तमानपत्राखाली लपवली.

आठवड्यानं ती उघडली तेव्हा तुळशीदास आधी हसला. "अरे बाप्पा! कुस्ती लावली अन् सोयरीक जमली!"

मधे पट्टा नव्हता. साधी रेघही नव्हती. दोन्ही बुरश्या वाढत आल्या होत्या आणि एकमेकींत मिसळून गेल्या होत्या. कुठं एक संपते आणि दुसरी सुरू होते ते भिंगाखालीही सापडेना. दोन वेगळ्या गावच्या बुरश्या, एकीचं मूळ पानमळ्यात, दुसरीचं मेळघाटात. त्या आमनेसामने आल्या की निदान एक काळपट रेघ तरी उठते, एकमेकींना आत घेत नाहीत. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवायचो.

मला हसू आलं नाही. मी पुन्हा प्लेटा लावल्या. या वेळी खात्रीसाठी तिसरीच एक बुरशी आणून तिच्याही समोर दोघींना बसवलं. तिसरीसमोर दोघींनी स्वच्छ पट्टा सोडला. एकमेकींसमोर पुन्हा तेच, मिठी.

"या दोन नाहीत, तुळशीदास. ही एकच आहे."

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तसा तो स्टुलावरून उठला.

"म्हणजे माह्या मळ्यातली माती... सरानं मेळघाटची म्हणून तुमाले देली?"

"माती नव्हे, तुझी बुरशीच दिली. मेळघाटात त्यांना काही सापडलं नसणार. आयत्या बिळावर नागोबा."

म्हण तोंडातून निघून गेली आणि मला वाटलं आता हा हसेल. तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले होते. "माह्या बुढ्यानं नारळ फोडला होता ताई त्या मातीसाठी. हात जोडून माफी मांगतली होती."

मला माझंही रडू आलं. ज्या बुरशीसाठी मी दोन दिवाळ्या घरी गेले नाही, ती माझी नव्हतीच. आणि घरी दादानं स्वच्छ सांगून ठेवलेलं: ही नोकरी लागली तर शीक काय शिकायचं ते, नाहीतर हिंगणघाटला परत ये, तिथल्या शाळेत चिकटवतो. मला शाळेत चिकटायचं नव्हतं. मला जन्मभर ती बुरशीच बघायची होती. हे आज सांगताना खुळ्यासारखं वाटतं, पण होतं ते असं होतं.

तरी मी म्हटलं, "जागेच्या निवड समितीपुढं मांडू. दोघांनी मिळून. बुरशी तुझ्या मळ्यातली, शेजाराचं काम माझं. दोघांची नावं लागू देत. जागा कुणालाही मिळो."

"जागा तुमाले मिळाली तरी चालते मले," तो म्हणाला. खोटं बोलत नव्हता. तेव्हा नव्हता. "पण बोला तुम्ही. तुमाले मांडता येते. मी प्लेटा घेऊन बाजूले उभा राह्यतो."

समितीची बैठक ठरलेली होतीच. त्या सकाळी मी साडी नेसून गेले, एरवी मी लॅबमध्ये पंजाबी ड्रेसवरच असायची. तुळशीदास सरांच्या केबिनमध्ये होता. बाहेर आला तो माझ्याकडे न बघता जिन्याकडे गेला. मला वाटलं पोरगं घाबरलंय. मी त्याच्या मागं जाऊन म्हटलं, "प्लेटा आणतोस ना?" त्यानं मान हलवली. होय अशी हलवली की नाही अशी, हे मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं.

समितीत चार जण होते आणि अध्यक्षांच्या खुर्चीत धानोरकर सर. मी उभी राहिले, पाणीसुद्धा प्याले नाही. सात आणि अकरा या एकच आहेत, हे मी सांगितलं. मुद्दा एकही सुटला नाही. सर चष्मा पुसत बसले होते.

माझं झाल्यावर त्यांनी फार मायेनं विचारलं, "देवतळे, एक सांगा. तुम्ही तुमच्या शुद्ध नळीसमोर मुद्दाम रोगाची बुरशी आणून ठेवता, हे खरं का?"

"खरं आहे सर. शेजार दिला नाही तर ती विष..."

"शेजार!" त्यांनी समितीकडे बघितलं. एक जण हसला. मग बाकीचेही हसले. "शुद्ध नळीत दुसरी बुरशी येणं याला आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो? घाण झाली असं म्हणत आलो. यांनी तिला शेजार नाव दिलंय. मग अशा टेबलावर शेजारची सात नंबरही अकरामध्ये शिरली, तर नवल काय? मी जंगलातून जीव धोक्यात घालून आणलेली बुरशी या बाईंच्या हातून गेली, असं दिसतंय. पण माझं राहू द्या. येऊल, तुम्ही रोज तिथं असता. तुम्ही सांगा."

तुळशीदास दाराशी उभा होता. हात रिकामे होते.

"मॅडमच्या टेबलावर सगळं एकत्रच असतं सर," तो पुस्तकी मराठीत म्हणाला. मला कधी मॅडम म्हटलं नव्हतं त्यानं. "माझी बुरशी त्यांच्या नळीत गेली असेल. मी त्यांना सांगून पाहिलं होतं."

"आणि त्या म्हणतात त्या प्लेटा?"

"त्या खराब झाल्या होत्या. धुवायला टाकल्या."

चोराच्या उलट्या बोंबा मी ऐकल्या होत्या, त्यांचं मला काही नवल नव्हतं. सर चोर आहेत हे मला ठाऊकच होतं. पण दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाकडे मी बघत राहिले. काय काय बोलता आलं असतं! त्याच्या नळीला मी हात लावला तो त्याच्यासमोर, दार त्यानं लावलं, पैज त्याची. शेजार हा शब्दसुद्धा त्याचा. यातलं एक अक्षर माझ्या तोंडून निघालं नाही. समितीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी दोनदा विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय का, बाई?" मी मान खाली घातली. त्यांनी ती कबुली समजली.

अकरा नंबरच्या सगळ्या नळ्या नष्ट कराव्यात, असा निकाल झाला. ते काम सरांनी नव्या संशोधन सहायकाकडे दिलं. म्हणजे जागा कुणाला मिळाली ते त्या एका वाक्यात सगळ्यांना कळलं.

ऑटोक्लेव्ह हे यंत्र म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. वाफेत जे जाईल ते जिवंत बाहेर येत नाही. तुळशीदासनं माझ्या नळ्या जाळीच्या टोपलीत रचल्या, एकेक, अगदी व्यवस्थित, कापसाचे बोळे सारखे करत. झाकणाचे स्क्रू आवळले. मी दारात उभी होते हे त्याला माहीत होतं. वाफ सुटायला लागली तशी उकडलेल्या बटाट्याचा वास लॅबभर झाला. तो माझ्याकडे पाठ करून वाफेच्या दाबाच्या काट्याकडे बघत उभा राहिला आणि मी तिथून निघाले. पुढच्या आठवड्यात दादा ट्रंक न्यायला आला.

शाळेत चिकटले, मग पुलगावच्या ज्युनियर कॉलेजात आले. लग्न केलं नाही, कुणी थांबवलं होतं असं नाही. प्रॅक्टिकलला पोरांना पावावरची बुरशी दाखवते. सर सन्मानानं निवृत्त झाले, आणि माझ्या माहितीप्रमाणे सुखानं वारले. तुळशीदासची सात नंबर कारखान्यात गेली. पानमळ्यांसाठी, संत्र्यांसाठी, अद्रकीसाठी पिशव्या निघाल्या, मागं बारीक अक्षरांत त्याचं नाव. एक पिशवी मी कृषी केंद्रातून विकत आणली होती. कशासाठी, ते विचारू नका. लॅबमध्ये रोगाच्या बुरशीसमोर लावून पाहिली. रोगाची बुरशी तिच्या अंगावरून चालत गेली. त्या दिवशी मला आनंद झाला, आणि त्या आनंदाची मला अजून किळस येते.

आणि मग एका रविवारी दारात तुळशीदास उभा. केस पांढरे, पोट सुटलेलं, खांद्याला कातडी बॅग. मी त्याला आत बसवलं. पाणी दिलं. चहा केला नाही.

"पिशवी चालत नाही ताई," तो म्हणाला. पुन्हा ताई झाले होते मी.

"माहीत आहे."

"मोठमोठ्या टाक्यांत मळीवर वाढवतात तिले. एकटी. इतकी वर्षं. पार ढेपाळली ती."

"शेजार द्यायचा होता."

"ठाऊक होतं ना मले! तुमच्याशिवाय हे फक्त मलेच ठाऊक होतं." त्यानं ग्लास खाली ठेवला. "पण मीच भर समितीत त्या शेजाराले घाण ठरवून बसलो होतो. मग कोणत्या तोंडानं करू? कोणी विचारलं असतं, येऊलसाहेब, हे तर थ्या देवतळे बाईचं... मंग?"

मी मास्तरणीसारखंच सांगितलं, "नागोबाच्या कोपऱ्यातली माती परत घे. मूळची बुरशी तिथं असेल."

तो खिडकीकडे बघायला लागला. "पहिली पिशवी मी घरी नेली होती. बाबानं कुठं टाकावी? पोराचं नाव होतं ना तिच्यावर. म्हणे, नागोबाचं होतं, पहिले नागोबाले वाहू. जिथं आमच्या सात पिढ्यांत कोणी शेणखत टाकलं नव्हतं, तिथं बुढ्यानं अख्खी पिशवी ओतली. दरसाल ओतत गेला. कोपऱ्यातल्या वेली सगळ्यांच्या आधी बसल्या. मंग बाकीचा मळा."

त्याला कारण सांगायची गरज नव्हती. परकी बुरशी टाकली असती तर मूळचीनं विष सोडून तिला हद्दीबाहेर ठेवलं असतं. ही तिचीच होती. तिनं तिला आत घेतलं, आणि त्या विष विसरलेल्या गर्दीत स्वतः विरून गेली.

"बाबा?"

"आहेत. मले विचारत नाहीत काही. पान खाणं सोडलं त्यायनं." मग तो ज्यासाठी आला होता ते म्हणाला. "एखादी अकरा नंबरची नळी तुमच्यापाशी... मले वाटलं, जाताना नेली असन तुम्ही एखादी. लपवून."

"चोरून म्हण ना."

"तसं नाही ताई..."

"नाही नेली. मोजून होत्या त्या. तू रचल्यास, तूच उकळल्यास."

त्यानं मान खाली घातली. मला वाटलं आता माफी मागेल, आणि मला ती नको होती. पण त्यानं मान वर केली तेव्हा त्याच्या तोंडावर राग होता. माझ्यावरचा राग.

"तुमी काहून नाही बोलल्या त्या दिवशी? मी वाट पाहत होतो. खोटं सांगतो का तू, एवढं जरी एकदा म्हटलं असतं ना तुम्ही, मी थ्याच जागी बसलो असतो, सगळं कबूल केलं असतं. त्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं तुमाले. दोनदा! तुम्ही सरालेही भिल्या नव्हत्या. मंग माह्यापुढं काहून गप बसल्या?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी स्वतःलाही विचारला नव्हता, पण उत्तर तोंडात तयार होतं.

"तू परका असतास तर बोलले असते," मी म्हटलं.

त्याचा चेहरा पडला. तो उठला, बॅग खांद्याला लावली. दारात थांबून चपला घालायला त्याला फार वेळ लागला. वर्ध्याकडे जाणारी बस चौकातून मिळते, असं मी त्याला सांगितलं, आणि दार लावून घेतलं.